पोचल्याची खात्री

शेअर रिक्षात माझ्या शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवर पुठ्ठ्याचा खोका होता. तान्ह्या बाळाला धरावं तसा त्यांनी तो धरला होता. आत मोटर होती. लाकडावर नक्षी कोरणारं सीएनसी मशीन ते तीन वर्षांपासून घरी बांधत होते. मोटर कोणती घ्यायची, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

"ही स्टेपर," ते चष्मा पुसत म्हणाले. प्रत्येक सिद्धांताआधी ते चष्मा पुसत. "नुसती पावलं मोजते. मध्ये अडखळली तरी हिला वाटतं, पोचले. सर्व्हो मात्र क्षणोक्षणी खात्री करते, आपण नक्की कुठे आहोत."

म्हणून ही परत करून सर्व्हो आणायची होती. बदलून मिळण्याचा आज शेवटचा दिवस होता आणि कामतघरचं दुकान एकला बंद होणार होतं.

"कामतघर," रिक्षावाला म्हणाला.

गृहस्थांनी बोलणं न थांबवता एक बोट वर केलं.

"काका, कामतघर हाय."

बोट खाली आलं नाही. माझ्यासारख्या अडाण्याला अर्ध्या सिद्धांतावर सोडून उतरणं त्यांना प्रशस्त वाटलं नसावं. रिक्षा निघाली.

टेमघरला थांबलो तेव्हा एक वाजून गेला होता. खोक्यातली स्टेपर आता कायमची त्यांची झाली होती. त्यांनी बाहेर पाहिलं आणि चष्मा पुसला.

"बघितलंत? खात्री करणारं कोणी नसलं, की असं होतं."

"दोनदा आवाज दिला ना, काका," रिक्षावाला म्हणाला.

गृहस्थांनी पुन्हा बोट वर केलं. त्यांचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.