वहिनींचा आंबा आणि आमचा ट्रॅक्टर

एकट्या माणसाने मशीन घ्यायचं ठरवलं की घरी मशीन येतं. चौघांनी मिळून घ्यायचं ठरवलं की आधी किस्से येतात, मशीन आलंच तर मागाहून! आमच्याकडे साडेतीन वर्षांत इतके किस्से साठले, की लग्नात, बारशात आम्ही चौघे एकत्र दिसलो की कोणीतरी विचारायचंच, “काय, ट्रॅक्टर आला का?” हल्ली कोणी विचारत नाही. म्हणून मीच सांगतो.

आधी माणसं सांगून टाकतो, सगळी पोटासाठी गुजराती मुलखात आलेली. रघुनाथदादा आमच्यात वडील, अमळनेरकडचे, कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात मास्तर. छगनभाऊ नंदुरबारचे, पर्वत पाटियाच्या मार्केटमध्ये साड्यांचं पॅकिंग करून घेतात. मारुती परभणीचा, प्लास्टरची कामं घेतो. आणि मी. हजिऱ्याच्या एका प्लांटमध्ये बावीस वर्षं कोळशावर मोठा लोडर चालवला, म्हणून मला सगळे ‘ऑपरेटर’ म्हणतात. कडोदऱ्याच्या पुढे, जुन्या उसाच्या शेतात, आम्ही चौघांनी शेजारी शेजारी प्लॉट घेतले.

जागा सखल. मुरूम भरायचा, शोषखड्डे खोदायचे, पाइपाच्या चाऱ्या काढायच्या, कंपाउंडचा पाया घ्यायचा. भाड्याचं मोठं पिवळं मशीन गल्लीत वळेना. मग मीच म्हणालो, “आपण चौघांत एक छोटा ट्रॅक्टर घेऊ. पुढे लोडर, मागे खोदायचा हात. घरची सगळी कामं घरच्या घरी!” सगळ्यांनी टाळ्या दिल्या. निवड करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

टाळी दिली नाही ती एकट्या शकुवहिनींनी. रघुनाथदादांच्या बायको. नवागामला दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत त्यांचा तीस वर्षांचा संसार. प्लॉटवर दोन खोल्या उभ्या झाल्या होत्या, अंगण तेवढं राहिलं होतं. माहेरच्या आंब्याची कोय त्यांनी तेलाच्या डब्यात रुजवली होती. तो आंबा दारात लावायचा आणि मग राहायला जायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

“भाऊ, तुमना ट्रॅक्टर कव्हय येई?” त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं.

“दिवाळीच्या आत, वहिनी!” मी म्हणालो. कुठली दिवाळी ते काही मी बोललो नव्हतो.

* * *

पहिली बैठक प्लॉटवरच झाली. छगनभाऊंना पन्नास हॉर्सपॉवरच्या खाली बोलायचंच नव्हतं. मार्केटमध्ये आयुष्य गेलेलं, त्यामुळे जोशात आले की गुजरातीच निघते. “भाई, लेवानुं तो मोटुं ज लेवानुं!”

मारुती शांतपणे म्हणाला, “अहो पण ते गल्लीत शिरतंय का बगा की आधी.”

गल्ली मोजायची ठरली, पण टेप कोणाकडेच नव्हता. छगनभाऊंनी स्कूटरच्या डिकीतून एक कोरी साडी काढली, घडी मोडली आणि गल्लीत आडवी धरली. एका भिंतीला मी, दुसऱ्या भिंतीला मारुती. समोरच्या घरातली बाई ओरडली, “ओ भाई, केटलानी छे?” तिला वाटलं, विकायलाच आलोत!

शोरूममध्ये गेलो तेव्हा तिथल्या पटेलभाईंनी विचारलं, “रस्ता किती रुंद आहे?”

छगनभाऊ ताठ मानेने म्हणाले, “एक साडी. पदर सोडून!”

* * *

पटेलभाई भला माणूस. सव्वीस हॉर्सपॉवरचा, चारही चाकं ओढणारा ट्रॅक्टर त्यांनी दाखवला. गल्लीत मावेल असा. एका ओळखीच्या वाडीत डेमोसुद्धा ठेवला. आधी नुसता लोडर बघायचा म्हणून मागचा खोदायचा हात उतरवून ठेवला होता.

पटेलभाई म्हणाले, “साहेब, मागे वजन बांधूया. नाहीतर पुढचं बकेट भरलं की मागची चाकं हलकी होतात.”

“मला सांगता?” मी म्हणालो. “बावीस वर्षं लोडर चालवलाय मी.”

गच्च ओल्या मुरुमाचं बकेट भरलं आणि हजिऱ्यात उचलायचो तसं झपकन उचललं. ट्रॅक्टरची मागची चाकं जमीन सोडून वर! मी स्टिअरिंगला मिठी मारून बसलेला. छगनभाऊ पळाले. रघुनाथदादांनी डोळे मिटून घेतले.

मारुती तेवढा जागचा हलला नाही. म्हणाला, “ऑपरेटर, तुमच्या हजिऱ्यात असाच ठेवतेत का पार्किंगला?”

सगळे हसून हसून बेजार झाले. मी खाली उतरलो, कपडे झटकले आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, “बॅलन्स बरोबर नाही. हा नको.”

ट्रॅक्टर चांगला होता. चूक माझी होती, आणि ती मला त्याच वेळी कळली होती. पण चौघांसमोर हसं झालेला माणूस दुसरं काय बोलणार? माझ्या शब्दाला मान होता, म्हणून कोणी वाद घातला नाही. त्या एका वाक्यात आमचं पहिलं वर्ष गेलं. आंबा डब्यातून बादलीत गेला.

* * *

दुसऱ्या ट्रॅक्टरला माझी हरकत नव्हती. पण रघुनाथदादा पडले मास्तर. कापडातला एक तुटका धागा त्यांना लांबून दिसतो. शोरूममध्ये त्यांनी खिशातून धागे मोजायची काच काढली, डोळ्याला लावली आणि बॉनेटपासून सुरुवात केली. अर्धा तास तपासणी चालली होती. पटेलभाईंनी तोवर दोनदा चहा मागवला.

शेवटी डाव्या मडगार्डवर बोट ठेवून दादा म्हणाले, “इथं रंगात डाग आहे. पीस रिजेक्ट.”

पटेलभाईंनी हात जोडले. “मास्तर, हा मुरूम उचलायला चाललाय. लग्नात नाही चालला!”

दादांना काही ते पटलं नाही. आयुष्यभर जे डागी म्हणून सेकंडमध्ये टाकलं, ते दारात कसं आणायचं! वहिनी घरी एवढंच म्हणाल्या, “मना आंबाले डाग चालस.” आम्ही हसलो. वहिनींचं बोलणं असं होतं, की माणूस आधी हसायचा आणि घरी गेल्यावर आठवत बसायचा.

* * *

मग छगनभाऊंनी मोबाइलवर ग्रुप काढला. नाव ‘ट्रॅक्टर फायनल’. चौघांचा ग्रुप, पण महिन्याभरात त्यात सगळ्यांचे मेहुणे, साडू आणि धुळ्याचे एक निवृत्त ग्रामसेवकही आले. त्यांना कोणी घेतलं ते आजवर कळलेलं नाही. कोणी म्हणे टायर रुंद हवेत, कोणी म्हणे अरुंद. ग्रामसेवक म्हणाले, “थांबा. आता बॅटरीवरचे येणार आहेत.”

झालं! बॅटरीवरच्याची वाट बघण्यात आठ महिने गेले. मारुतीने वैतागून दुसरा ग्रुप काढला. नाव ‘ट्रॅक्टर फायनल २’. त्यातही पहिला मेसेज ग्रामसेवकांचाच!

वहिनीही त्या ग्रुपमध्ये होत्या. त्यांनी कधी टायर, हायड्रॉलिक असं काही विचारलं नाही. एवढ्या दिवसांत एकच फोटो टाकला होता. आंब्याला तांबूस कोवळी पालवी फुटलेली, आणि मागे नवागामच्या गॅलरीचा गज. आता आंबा कारखान्यातल्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये होता. फोटोखाली काही लिहिलं नव्हतं.

एकोणीस जणांनी अंगठा दाखवला. त्यात एक अंगठा माझा. तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे, आणि तो अंगठाही.

* * *

एकदा मी नवागामला त्यांच्या घरी गेलो, तर गॅलरीतून आत जायला वाट नाही. ड्रमने अर्धी गॅलरी अडवलेली, फांद्या शेजाऱ्यांच्या दोरीवरच्या कपड्यांत घुसलेल्या. वहिनी जिन्यातच पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या.

मी म्हणालो, “वहिनी, हा ड्रम आता चौघांना उचलायचा नाही हं.”

“डबामा व्हता तव्हय मी एकली उचलू,” त्या म्हणाल्या. “आते तुमना ट्रॅक्टरच लागी!”

मी मान डोलावली. मला खरंच वाटलं, बघा, म्हणजे माझी कल्पना शेवटी बरोबरच निघाली.

* * *

श्रावणात वहिनींना ताप आला. तीन दिवस अंगावर काढला, चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं, सहाव्या दिवशी त्या गेल्या. यात काही किस्सा नाही.

तेरावं झाल्यावर आठच दिवसांत आम्ही ट्रॅक्टर घेतला. ग्रुपवर विचारलं नाही, काच काढली नाही. पटेलभाईंनी सव्वीस हॉर्सपॉवरचाच पुढे आणला, मी मागची चाकं उचलली होती तोच. मारुती हळूच म्हणाला, “हेच तर होतं की हो.” मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

ड्रम चौघांनी दोर लावून एकेक पायरी करत खाली उतरवला, टेम्पोत घालून प्लॉटवर आणला आणि लोडरने अलगद खाली घेतला. या वेळी मागे वजन होतं. गेटच्या उजव्या कोपऱ्यात जमीन मुळातच उंच आहे. तिथे भर घालायची कधी गरजच नव्हती, आणि वहिनींनी जागा तीच सांगून ठेवली होती. मी ट्रॅक्टर उलटा लावला आणि मागच्या हाताने खड्डा घेतला. मोजून चार मिनिटं लागली.

रघुनाथदादा खड्ड्यात बघत राहिले. मग म्हणाले, “एवढंच होतं?”

  झाड लावलं, आणि माती ओढायला मी फावडं मागितलं. दादांनी पिशवीतून एक फावडं काढून दिलं. नवं कोरं, पण दांडा नाही. त्याचं पातं दोन्ही हातांत धरून मी गुडघ्यावर बसून माती ओढली. छगनभाऊंनी तोंड फिरवलं.

* * *

त्या फावड्याचा किस्सा मी आजवर कोणत्याच बैठकीत सांगितला नव्हता. तो दुसऱ्या वर्षातला आहे, डाग सापडला त्याच दिवसाचा.

त्या दिवशी वहिनीही आमच्याबरोबर शोरूमला आल्या होत्या. दादा काच लावून बॉनेट तपासत होते, छगनभाऊ सीटवर बसून फोटो काढून घेत होते, मी खोदायची खोली किती, बकेट किती उंच जातं, हे विचारत होतो. वहिनी पंख्याखाली खुर्चीवर बसून होत्या. पटेलभाईंना वाटलं, बाईमाणसाला कोणी विचारतच नाही. त्यांनी चहाचा कप पुढे केला आणि म्हणाले, “बेन, तमारे शुं काम छे ट्रॅक्टरनुं?”

वहिनी म्हणाल्या, “एक झाड लावायचंय.”

“एक झाड?” पटेलभाई हसले. “बेन, एना माटे तो पावडो बस छे!”

आम्ही सगळे हसलो. सगळ्यात मोठ्याने मी.

परतताना पर्वत पाटियाला वहिनींनी रिक्षा थांबवायला सांगितली. समोर लोखंडी सामानाचं दुकान होतं. त्या उतरल्या, चारपाच फावडी हातात घेऊन पाहिली, त्यातलं एक निवडलं. दोन मिनिटंही लागली नसतील. दुकानदाराने कोपऱ्यात उभ्या दांड्यांकडे हात दाखवून विचारलं, “बेन, दांडो नाखी आपुं?”

वहिनी हो म्हणणार, तेवढ्यात मी रिक्षातून उतरलो.

“दांडा इथला नको, वहिनी,” मी म्हणालो. “बाजारातले दांडे टिकत नाहीत. बाभळीचा चांगला बघून मी आणतो. थोडं थांबा.”

“बरं भाऊ,” वहिनी म्हणाल्या, आणि बिनदांड्याचं फावडं पिशवीत घातलं.