बिनदाण्याचा पेस्टो

संक्रांतीनंतरच्या पहिल्या शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास, आमच्या गावच्या शाळेच्या पटांगणात माझ्या धाकट्या बहिणीवर अन्याय झाला. ती चौदा वर्षांची आहे, नववीत शिकते. तिनं स्वतःच्या हातानं वाटलेल्या चटणीत तिला न विचारता शेंगदाण्याचं कूट मिसळलं गेलं आणि ती चटणी तिनं खाल्ली. शेंगदाणा पोटात गेला की तिचा घसा सुजतो, श्वास अडकतो. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं आजपर्यंत एकही माणूस म्हणालेला नाही, आणि मला खरा राग त्याचाच आहे.

आमचं गाव कुरुंद्याजवळ. इथं कुटाचा डबा मिठाच्या डब्याला लागून असतो. वांग्यात कूट, काकडीत कूट, मेथीत कूट, रस्सा पातळ झाला की कूट, अचानक दोन पाहुणे वाढले की कूट. बहीण चार वर्षांची असताना लग्नाच्या पंगतीत पहिल्यांदा तिच्या अंगावर गांधी उठल्या आणि ओठ फुगले. तेव्हापासून आमच्या घरात दाणा येत नाही. बाहेर जायचं तर आई तिला डबा बांधून देते. पंगतीत सगळ्यांची पानं वाढली जातात आणि ही डब्याचं झाकण उघडते. मग कुणीतरी म्हणतंच, ‘काहून ओ, आमच्या हातचं चालत न्हाई व्हय पोरीला?’ आई हसते. मी नाही हसत.

शाळेत दरवर्षी आनंदनगरी भरते. मुलं घरून पदार्थ करून आणतात, वर्गातले बाक पटांगणात मांडतात आणि एकमेकांना, पालकांना विकतात. बहिणीनं आजवर दरवर्षी लिंबू सरबत विकलं. या वर्षी तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला.

‘ताई, हे बघ. आपल्या चटणीवानीच हाय, पण इटलीची.’

‘काय म्हणतात?’

‘पेस्टो. हिरवा पाला, लसूण, चीज, तेल. आन् चिलगोजे.’

चिलगोजे आमच्याकडं कुणी पाहिलेलेही नाहीत. व्हिडिओतला माणूस सांगत होता, चिलगोजे मिळाले नाहीत तर अक्रोड घ्या, काजू घ्या, शेंगदाणे घ्या.

‘घ्या म्हणे,’ बहीण म्हणाली. ‘इटलीवाल्यायलाबी माझा जीवच घ्यायचाय.’

पण खाली कुणीतरी लिहिलं होतं की दाणे, अक्रोड काहीच न घालताही पेस्टो चांगला होतो. ती ओळ तिनं मला तीनदा वाचून दाखवली. मग म्हणाली, ‘अख्ख्या आनंदनगरीत एक बाक असा पायजे, जिथलं मला खाता येईल.’

आम्ही आठ दिवस त्याच्या मागं लागलो. पाला कुठला घ्यायचा इथूनच भांडण. मी म्हटलं तुळस. आई म्हणाली, ‘वृंदावनातली तुळस वाटून पावाला लावता व्हय? बरं हाय तुमचं.’ शेवटी बांधावरच्या सब्जाचा, तुळशीच्याच जातीचा, पाला आणला आणि त्यात निम्मी कोथिंबीर घातली. पहिल्या दिवशी मिक्सरमधून काढलं तर भांडं तापून पाला काळपट पडला आणि चव कडू आली. वडिलांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, ‘औषध बराबर झालंय.’ मग बाजारातून नवा खलबत्ता आणला, कारण जुन्या, दुसऱ्याच्या खलबत्त्यावर आमचा विश्वास नाही. आधी लसूण आणि मीठ कुटायचं, मग पाला थोडा थोडा टाकायचा, तेल शेवटी, धार बारीक. हे तिनं स्वतः शोधून काढलं. तरी दाण्यांशिवाय त्याला अंग येईना. तेल एकीकडं, पाला एकीकडं. पाचव्या दिवशी तिनं डाळवं, म्हणजे फुटाण्याची डाळ, बारीक करून घातलं. डाळवं ती लहानपणापासून खाते, तिला काही होत नाही. हिरवंगार, दाट, पावावर पसरेल असं झालं. त्या दिवशी ती ओट्यापाशी उभ्यानंच चार पाव खाऊन गेली. दुसऱ्याचा पदार्थ पाहून केलेलं काहीतरी ती न घाबरता खाते आहे, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

तिनं पुठ्ठ्यावर पाटी लिहिली: ‘इटलीचा पेस्टो. दाणे नाहीत.’

शनिवारी तिच्यासोबत बाकापाशी थांबायचं मी कबूल केलं होतं. साडेनऊला पाव कमी पडतील असं वाटलं आणि मी कुरुंद्याला गेले. खरं सांगायचं तर पाव अजून दोन तास पुरले असते. मला तिथल्या छापखान्यातून आम्ही गावातल्या काही जणांनी काढलेल्या पत्रकांचा गठ्ठा उचलायचा होता. पत्रक बसफेऱ्या वाढवा म्हणून होतं. ते छापून चार दिवस पडलं होतं, आणखी दोन तास पडलं असतं तरी एकही बस चुकली नसती.

पुढचं मी पाहिलेलं नाही. शेजारच्या काकूंच्या मुलीनं सांगितलं. ती बहिणीच्याच वर्गात आहे. त्यांचा बाक आमच्या बाकाला लागून होता, साबुदाण्याच्या खिचडीचा, आणि काकू मदतीला बसल्या होत्या. पाहुणे आले म्हणून दोन्ही मुली स्वागतगीताला गेल्या. जाताना बहीण म्हणाली, ‘काकू, जरा ध्यान ठेवा.’ सकाळपासून उन्हात ठेवलेल्या पेस्टोवर तेल तरंगायला लागलं होतं. काकूंनी पातेल्यात डोकावून पाहिलं, खिचडीसाठी आणलेल्या डब्यातून दोन मुठी कूट घेतलं आणि घालून छान घोटून दिलं. गाणं संपलं. बहीण परत आली. गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून मिठाची चव बघायला तिनं चमचाभर तोंडात टाकलं.

मी पोचले तेव्हा ती बाकावर बसली होती. ओठ सुजलेले, गळ्यावर गांधी, आवाज घोगरा. घरून दिलेली गोळी तिनं घेतली होती, पण ती उलटीत बाहेर पडली होती. मी रिक्षात घातलं तिला. वाटेत ती माझा दंड धरून फक्त श्वास घेत होती, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी तिच्याशी बोलत राहिले, काय बोलले ते आठवत नाही. पिशवीतला पत्रकांचा गठ्ठा तेवढा मांडीला टोचत होता. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नाव विचारायच्या आधी मांडीत इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं तिचे खांदे खाली आले. संध्याकाळपर्यंत तिला तिथंच ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं झालं की गोळीची वाट बघत बसू नका, थेट इथं या. आणि मला म्हणाल्या, ‘आणखी थोडा उशीर झाला असता तर...’

दुसऱ्या दिवशी काकू घरी आल्या. दारातच बसल्या.

‘मला वाटलं तेल सुटलं, पातळ झालं लेकराचं. आठ दिस राबली पोरगी. पावण्यासमोर फजिती व्हईल म्हणून टाकलं गं माय.’

‘तुमाला माहीत होतं, काकू,’ मी म्हटलं.

‘व्हय, माहीत होतं. पण बारीक कूट ते, त्यानं एवढं काय हुईल वाटलं. अख्खे दाणे थोडीच घातले? आन् इकायला होतं ना ते. ती कशाला खाईल? ती तर कुठंच काही खात न्हाई.’

आई भिंतीकडं बघत होती. बहीण पलंगावर उठून बसली आणि म्हणाली, ‘कुटानं चव मस्त आल्ती, काकू.’ टोमणा नव्हता. ती खरंच सांगत होती. काकूंनी पदर तोंडाला लावला.

मी काकूंना माफ केलं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ‘ती तर कुठंच काही खात न्हाई’ या वाक्यात सगळं गाव आहे. दहा वर्षं हिला कुठं खाताना कुणी पाहिलंच नाही. मग ही स्वतःच्या बाकावरचंही खाणार नाही, असं एका चांगल्या बाईला वाटून गेलं. आम्हीच तिला डबा देऊन देऊन तशी सवय गावाला लावली. आणि पाटी? पाटीवर ‘दाणे नाहीत’ असं लिहिलेलं असताना त्याच पातेल्यात कूट पडलं. पाटी गिऱ्हाइकांसाठी असते, वाढणाऱ्याला ती आपल्यासाठी आहे असं वाटत नाही.

सोमवारी मुख्याध्यापकांनी वडिलांना बोलावलं. मीही गेले. सरांनी आधीच कागद लिहून ठेवला होता: ही विद्यार्थिनी यापुढं आनंदनगरी, स्नेहभोजन आणि सहल यांत भाग घेणार नाही, पालकांची त्याला संमती आहे.

‘तुमी समजून घ्या,’ सर वडिलांना म्हणाले. ‘पुढच्या आठवड्यात सिद्धेश्वर धरणावर सहल न्यायची. पोरं एकमेकांच्या डब्यात हात घालतात. काही झालं तर जबाबदारी कुणाची?’

‘शनिवारी कुणाची होती?’ मी विचारलं.

‘बाई, तू पत्रकातलं बोलू नको इथं.’

मी सांगितलं, मी स्वतः सहलीला येते, तिच्यासोबत थांबते. प्रत्येक डब्यात काय आहे ते निघायच्या आधी विचारून वहीत लिहिते. तुमच्या शिक्षकांना दवाखाना कुठं आणि काय करायचं ते डॉक्टरीणबाईंकडून लिहून आणते. सर म्हणाले, बघू. वडील म्हणाले, ‘सरांचं बराबर हाय,’ आणि सही केली. बाहेर आल्यावर मी एकटीच पुढं निघाले. ते सायकल हातात धरून माझ्या मागून चालत आले. घराजवळ आल्यावर म्हणाले, ‘मला ती जिती पायजे.’ मी त्यांच्या हातातली सायकल घेतली आणि भिंतीला लावली.

ज्यांनी पातेल्यात हात घातला त्यांना कुणी कागद दिला नाही. कागद दिला तो जिचा श्वास अडकला तिला.

बहीण आता म्हणते, मला तसंही सहलीला जायचं नव्हतं. खलबत्ता तिनं धुऊन माळ्यावर टाकला. मधल्या सुट्टीत ती वर्गातच बसते, असं काकूंच्या मुलीनं मला सांगितलं. डबा उघडतच नाही, घरी आणून खाते. परवा आईनं मेथी केली तर तिनं विचारलं, ‘आई, काय काय घातलंस?’ आईच्या हातच्या भाजीबद्दल तिनं हे कधी विचारलं नव्हतं. आईनं एकेक जिन्नस सांगितला. तरी ती आधी मी खाण्याची वाट बघत बसली.

मी हे तिची दया यावी म्हणून लिहिलेलं नाही. तुमच्या गावात, तुमच्या मुलाच्या वर्गात असं एखादं लेकरू डबा झाकून बसलेलं आहे, आणि त्याच्याही बापाकडून कुणीतरी असाच कागद लिहून घेतला असेल. उद्या शाळेत जा. तो कागद मागा आणि तुमच्यासमोर रद्द करायला लावा. लेकराला सहलीला न्यायला सांगा. प्रत्येक डब्यात काय घातलंय ते तुमच्या घरच्या डब्यापासून लिहायला सुरुवात करा, आणि दुसऱ्याच्या पातेल्यात विचारल्याशिवाय काहीही टाकू नका, एक चिमूटसुद्धा.