शांघायचा पडदा

सिंगापुरात त्याला सगळे ‘शांघाय सारबिनी’ म्हणत. गडी जन्मला बावेआन बेटावर, वाढला सिंगापुरात आणि पेनांगच्या पलीकडे उभ्या जन्मात गेला नाही. नाव कसं चिकटलं असं कुणी विचारलं की तो कॉफीच्या कपात बघत बसे.

सारबिनी बांग्सावानचे, म्हणजे आमच्या मलय नाटकांचे पडदे रंगवायचा. त्याचा उस्ताद मुंबईहून पेनांगला आलेल्या एका पारशी नाटक मंडळीत रंगाच्या बादल्या वाहता वाहता ही विद्या शिकलेला. त्यामुळे सारबिनीच्या राजवाड्याला विलायती खांब, मोगली कमानी आणि वर मलय छप्पर. असला राजवाडा पृथ्वीच्या पाठीवर नव्हता, पण त्याला खोटा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मग तौके चिया, म्हणजे इथला चिनी शेठ, शांघायला जाऊन आला. तिथे म्हणे एकाच आवारात नाटकं, गाणी, पाळणे आणि लठ्ठाला लुकडा करणारे आरसे. तौकेने इथली दलदल बुजवून तशीच करमणुकीची बाग उभी केली आणि तिच्यात आमचं बांग्सावान, रोंगेंगचा नाच, मुष्टियुद्धाचा आखाडाही घातला. सारबिनी तिला नकली शांघाय म्हणून हसायचा आणि पगार तिथलाच घ्यायचा.

तौकेने तिथून एक चितारीही आणला होता, फान नावाचा. रस्त्याचा पडदा तौकेने त्याला दिला, आणि सारबिनीच्या वाट्याला आलं जंगल.

हे सारबिनीच्या जिव्हारी लागलं. मागे राजवाडा काढून जंगल लावेपर्यंत पुढे रस्त्याचाच पडदा सोडतात आणि त्याच्यापुढे गाणी-नाच चालतात. लोकांच्या डोळ्यांपुढे सगळ्यात जास्त तोच. बारा वर्षं तो सारबिनीचा होता.

फानने पावसाने भिजलेला रस्ता काढला. दोन बाजूंना कंदील आणि खाली ओल्या दगडांवर त्यांचा उजेड. पहिल्या खेळाला तो पडदा उतरला आणि गाणारी बाई येण्याआधीच टाळ्या पडल्या. पडद्याला टाळ्या! सारबिनीच्या राजवाड्यापुढे राजे मेले, राण्या रडल्या, पण राजवाड्याला कधी कुणी टाळी दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने नाक लावून तो पडदा तपासला. जवळून पाहिलं तर तीन रंग आणि जाडेभरडे फटकारे. दहा पावलं मागे सरकलं की रस्ता ओला. खोट सापडेना म्हणून तो आणखीच जळला. घरी भाताला नावं ठेवू लागला, तेव्हा बायको जुवारिया म्हणाली, “तुमच्या पोटात चूल पेटलीय ना, तिच्यावरच भात टाकते. लाकडं तरी वाचतील.”

खोट सापडली ती पडद्यात नाही, फानच्या सवयीत. खेळ संपला की धूळ बसू नये म्हणून तो पडदा लगेच घट्ट गुंडाळून ठेवी. इथल्या हवेत हे चालत नाही. हजार माणसांचा घाम आणि समुद्राची दमट हवा पडदा पितो. त्याला रात्रभर उघडा टांगावा लागतो, नाहीतर सरसात कालवलेल्या रंगाचे थर एकमेकांना चिकटतात. सारबिनीचे पडदे शेजारीच उघडे लोंबत असत. फान गुंडाळत राही आणि सारबिनी बघत राही. एक वाक्य पुरलं असतं. ते त्याने गिळलं.

महिन्याभरात, भर खेळात, पडदा उलगडताना चरचर आवाज झाला. कंदील फाटले, अर्धा रस्ता मागच्या बाजूला चिकटून आला. लोक हसले. सारबिनीला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

ते सुख एक दिवस टिकलं. तौकेने फानला परतीचं तिकीट दिलं आणि सारबिनीला हुकूम, “हाच पडदा परत हवा. असाच. रेघ न् रेघ.”

बागेला नकली म्हणणारा सारबिनी नक्कल करायला बसला. सगळं जमलं, ओल जमेना. पांढरा लावला तर चुना सांडल्यासारखा दिसे. बोटीच्या दिवशी फान ट्रंक घेऊन निरोपाला आला, आणि त्याने बराच वेळ पाहिलं.

“पांढरा लावू नकोस, भाऊ,” तो मोडक्या मलयमध्ये म्हणाला. “चमक रंगाची नाही. तिथे कापड कोरं सोडायचं.”

सारबिनीने कुंचला खाली ठेवला. शेजारी लोंबणाऱ्या सारबिनीच्या जंगलाकडे फानने बोट केलं. “तुझे पडदे उघडे का असतात, हे मी तुला विचारायला हवं होतं. चूक माझी.”

सारबिनीला तेव्हाही बोलता आलं असतं. तो म्हणाला, “बोट चुकेल तुमची.”

नवा पडदा उतरला तेव्हा टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “शांघायवाल्याचा हातच वेगळा!”

पुढे क्वालालंपूर, इपोह, जिथे जिथे अशी बाग निघाली तिथे तोच रस्ता मागवला गेला. सारबिनीने तो अकरा वेळा काढला आणि त्याच्या नावाला शांघाय चिकटलं ते कायमचं. दर वेळी तो शेवटच्या बाकावर बसून टाळ्यांची वाट बघे. त्या पडत, आणि त्याच्या पोटातली चूल पुन्हा पेटे, कारण लोक टाळ्या देत त्या नेमक्या त्याने न रंगवलेल्या जागेला.