माळावरचे ग्रीक देव

आमच्या शेडमागं फुटक्या मूर्तींचा ढीग आहे. कुणाचं नाक, कुणाचा गुडघा. किस्सेही तसेच साठतात. टाकवत नाहीत, आणि ठेवावेत तर येता-जाता पायात येतात. म्हणून सांगून मोकळी होते.

विट्याजवळच्या माळावर सुहासची शेड. सुहास मूर्तिकार. पण गणपती करत नाही, ग्रीक लोकांचे जुने देव करतो. माती, मुळ्या, गवत असलं वापरतो, आणि आधी कॉम्प्युटरमधल्या एआयकडून चित्र काढून घेतो. मी मंगल, त्याची माती मळते. त्याचे वडील, आण्णा, कोईमतूरला सोनं गाळायचं दुकान चालवतात. त्यांनी बजावलं होतं, "दसऱ्यापतूर पुण्याच्या प्रदर्शनात तुजी मूर्ती लागली तर ठीक. न्हाईतर बॅग भरायची आन् दुकानात बसायचं."

प्रदर्शनासाठी मूर्ती तीन. त्या तिघांनी आम्हाला काय काय दाखवलं!

*

पहिली एक बाई. कुठलासा देव तिच्या मागं लागला म्हणून पळत सुटली आणि हाती लागायच्या आत झाड झाली. सुहासनं तिच्या खांद्यातून खरं वडाचं रोप काढलं.

मी म्हटलं, "तिनं कशाला झाड व्हायचं? त्याचा खुंट करायचा हुता."

वटपौर्णिमेला मोठ्या वडाच्या वाटेवर चिखल. गावातल्या बायका ताटं घेऊन सरळ शेडवर. मूर्तीला सूत गुंडाळत फेऱ्या सुरू! मी आत माती मळत होते, तशाच हातांनी बाहेर आले.

"अगं बायांनो, ही एका गड्याला चुकवायला झाड झाली. आन् तुमी हिच्याकडंच त्योच नवरा सात जन्म मागताय व्हय?"

सगळ्या थांबल्या. मग त्यातली एक उलट्या फेऱ्या मारून आपलं सूत सोडवायला लागली.

बाकीच्यांनी इतकं ओढून गुंडाळलं होतं की ओली माती चिरली. एक मूर्ती गेली.

*

हा एआय मराठी बोलतो, पण आमंत्रणपत्रिकेसारखं. तिसरी मूर्ती एका राजाची. तिच्या चित्राला बघून मी त्याला म्हटलं, राजाची दाढी शेळीसारखी झालीय. तो म्हणाला, "क्षमस्व, माझी चूक झाली. मी सुधारणा करतो."

सुधारली. मी पुन्हा झापलं. पुन्हा क्षमस्व. मग दाढी झकास आली, तरी उगीच झापलं. तरी क्षमस्व!

सुहासला विचारलं, "ह्येला खायला काय लागतं?"

"काय न्हाई आक्का. वीज आन् इंटरनेट."

"मग चार दिस घरी न्हेते. आमच्या मालकांच्या शेजारी ठेवते. निदान कानावर तरी पडंल."

*

दुसरी मूर्ती बोकडाच्या पायांचा देव. शिंगं, केसाळ मांड्या, हातात बासरी. सुहासचा सगळा जीव ह्याच्यावर. उन्हात वाळत ठेवला होता, तेवढ्यात माण तालुक्याकडचा बिरू धनगर कळप घेऊन आला. त्याच्या बोकडानं देवाकडं बघितलं, चार पावलं मागं सरला आणि दिली धडक. देव आडवा, बोकड उभा.

सुहास डोकं धरून खाली बसला. बिरू त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "सायेब, रडू नगा. माजा बोकड असल्या-तसल्याला शिंग लावत न्हाई. तुमचा लय खरा झालता."

पुण्यात कुणी एवढं कौतुक केलं नसतं. पण मूर्ती गेलीच.

*

राहिला एकटा राजा. हात लावील त्याचं सोनं व्हायचं, असा वर मिळालेला. लाडानं स्वतःच्या लेकराला जवळ घेतलं, तर लेकराचंही सोनं. मूळ गोष्टीत मुलगी आहे म्हणे, सुहासनं मुलगा केला. राजा मातीचा, दाढीत हुलगा पेरलेला. लेकराचं तोंड काही जमेना. शेवटी सुहासनं एक जुना शाळेतला फोटो एआयला दिला, आणि त्यानं ते तोंड चारी बाजूंनी काढून दिलं.

राजा एकदाचा तयार झाला आणि पुण्याहून निरोप आला, यंदा जागा नाही. लगोलग आण्णा जीप घेऊन हजर. सुहासनं निमूटपणे बॅग जीपमध्ये टाकली.

आण्णांची एक सवय सांगायला हवी. सोनं गाळणारे दुकानात हात धुतलेलं पाणी फेकत नाहीत. त्यात सोन्याचे कण असतात, म्हणून बादलीत साठवतात. आण्णा गावी आले तरी बादली मागतात. जेवणानंतरसुद्धा!

त्या दिवशी ते राजासमोर थांबले.

"ह्ये पोरगं कुनाचं?"

मीच बोलले, "तुमचंच हाय. चौथीतलं. तवा तुमी कोईमतुरात हुता."

आण्णा लेकराच्या तोंडाकडं बघत राहिले. नजर न हलवता म्हणाले, "मग त्या राजानं काय केलं?"

सुहास म्हणाला, "नदीवर जाऊन हात धुतलं. त्यो वर पाण्यात वाहून गेला. पोरगं माघारी मिळालं."

आण्णा नळावर गेले. मी सवयीनं बादली खाली सरकवली. त्यांनी ती पायानं बाजूला केली. कोपरापर्यंत हात धुतले. पाणी उतारानं राजाच्या पायाशी गेलं.

"मंगल," धोतराला हात पुसत ते म्हणाले, "ह्येची बॅग जीपमधनं काढ."