डिकीतली मक्याची दोन पोती

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी चांगली की मागच्या, हा वाद कुणी काढला की मला शिसारी येते. टपरीवर हा विषय निघाला तर मी चहा अर्धा टाकून उठतो. वाद घालणाऱ्यांची शिसारी त्यात कमीच, माझी स्वतःची जास्त.

माझा थोरला भाऊ फुलंब्रीजवळच्या आमच्या गावी राहतो. वीस वर्षं त्यानं सिल्लोड ते फर्दापूर काळी-पिवळी जीप चालवली. त्या जीपचा जोर मागच्या चाकांना. पावसाळ्यात मागं माणसं कमी असली की ती चिखलात जागच्या जागी फिरायची, म्हणून दादा मागं मक्याची दोन पोती टाकायचा. वजन पडलं की चाकं जमीन धरायची. जीपपुरतं त्याचं काही चूक नव्हतं. पुढं जीप भंगारात गेली, पोत्यांची सवय मात्र राहिली.

मी वाळूजच्या एका कारखान्यात काम करतो. लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांना फिरवणारे शाफ्ट आमच्याकडं बनतात आणि मी ते तपासतो. असल्या गाडीत इंजिनाचं वजनही पुढं आणि जोरही पुढच्याच चाकांना. मागं ओझं भरून चढ चढायला गेलं की पुढचा भाग हलका होतो आणि चाकं नुसती फिरत राहतात. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. माझी स्वतःची गाडीही तसलीच आहे.

दोन वर्षांपूर्वी, पोळा होऊन आठवडा झाला असेल, पुतणीची परीक्षा होती. मोटार वाहन निरीक्षकाच्या जागेसाठी. डिप्लोमा करून ती तीन वर्षं या एकाच परीक्षेची वाट बघत होती. या जागा काही दरवर्षी निघत नाहीत. केंद्र शहरात, साडेनऊला गेट बंद. तिला न्यायला म्हणून मी आदल्या दिवशीच गाडी घेऊन गावी मुक्कामाला गेलो. रात्रभर पाऊस झाला. सकाळी बघतो तर दादानं स्वतःच्या पाठीवरून पोती आणून माझ्या डिकीत घातलेली. पोरगी साहेब होणार म्हणून त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"वढ्याचा चढ लई निसरडा झालाय," तो म्हणाला. "मागं वजन नाय तर चाक धरंल कसं?"

आमच्या घरात थोरल्यानं ठरवायचं आणि धाकट्यानं मान हलवायची, मग गाडी धाकट्याची का असेना. मी मान हलवली.

ओढ्याच्या चढावर गाडी अर्ध्यात अडकली. पुढची चाकं गरगर फिरली, काळी माती काचेपर्यंत उडाली. दादा उतरून मागून ढकलायला लागला आणि गाडीला शिव्या घालायला लागला. "ही काय गाडी हाय का? पुढून वढती!" जन्मभर बैलांना गाडी पुढूनच ओढताना पाहिलेला माणूस हे बोलत होता.

मागच्या सीटवरून पुतणी म्हणाली, "बाबा, ती पोती काढा. नायतर खाली नेऊन गाडी फिरवा अन् रिव्हर्समधी चढवा. वजन चाकांवर येईल."

"तू गप बस. उलटी गाडी चढवून गावात शोभा करू का? पुस्तक वाच तू."

"काका," ती म्हणाली. एवढंच. मी आरशात बघितलं नाही.

दादा ट्रॅक्टर आणायला गावात परत गेला. पुतणीनं दहा मिनिटं वाट पाहिली. मग चपला हातात घेतल्या, हॉल तिकिटाची प्लॅस्टिकची पिशवी ओढणीत गुंडाळली आणि पोटऱ्यांपर्यंतच्या चिखलातून मोठ्या रस्त्याकडं चालायला लागली. मी तिला थांबवलं नाही आणि तिच्याबरोबर गेलोही नाही. अर्धा तास स्टिअरिंग धरून बसून राहिलो. पोती काढायची तर दादाला विचारून काढावीत, असं वाटत होतं. पन्नाशीचा माणूस मी! आठवलं की आजही तोंड कडू होतं.

शेवटी कुणी बघत नाही असं पाहून मी उतरलो, डिकी उघडली आणि दोन्ही पोती कडेच्या झुडपाआड लोटून दिली. गाडी थोडी मागं घेऊन सावकाश सोडली आणि ती एका दमात वर आली. रस्त्यावर पुतणी नव्हती. तेवढ्यात दादा ट्रॅक्टरवर आला, गाडी वर बघून खूश झाला.

"पोरगी उतरली, गाडी हलकी झाली, म्हणून निघाली बघ," तो म्हणाला.

"व्हय दादा," मी म्हणालो.

आम्ही केंद्रावर पोचलो तेव्हा ती गेटसमोरच्या फुटपाथवर बसली होती. काळी-पिवळी भरल्याशिवाय सुटली नव्हती, तिला वीस मिनिटं उशीर झाला होता. पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. दादा चौकीदाराशी भांडला, मग भिंतीकडं तोंड करून रडला. ती रडली नाही, गाडीत मागं जाऊन बसली.

संध्याकाळी पारावर दादा चारचौघांना सांगत होता की पुढच्या चाकांच्या गाडीत दम नसतो. दोघातिघांनी माना डोलावल्या. मीही तिथंच होतो. तिथून उठून घरी आलो, तर पुतणी अंगणातल्या नळावर पाय घासत बसली होती.

"काका," ती वर न बघता म्हणाली, "तुमच्या कंपनीत पुढच्या चाकांचेच शाफ्ट बनतात ना?"

"हो."

तिनं नळ बंद केला. "मग तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली आणि आत गेली.