सर्व्हरवरच्या अक्षता

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावर कोणी तवा ठेवला असता तर भाकर शेकून निघाली असती. संध्याकाळी आमच्या अंगणात दंडारीची, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्याची, तालीम होती आणि बाबांचा आवाज सापडत नव्हता.

बाबा आयुष्यभर सिहोऱ्याच्या दंडारीत गायले. घशाच्या ऑपरेशनमध्ये तो आवाज गेला, कायमचा. यंदा दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, त्यांच्या जागी माझा चुलतभाऊ उभा राहणार होता, आणि त्याला शिकवायला बाबांजवळ उरला होता फक्त मांडीवरचा ठेका. ठेक्यानं ताल कळतो, चाल कशी कळावी? त्यासाठी त्यांची जुनी रेकॉर्डिंग हवी. कॅसेटींना केव्हाच बुरशी लागली होती. त्याआधी मी सगळं उतरवून घरच्या सर्व्हरवर ठेवलं होतं. मी घरूनच कंप्युटरची कामं करते, त्यामुळे हा काळा डबा माझ्याच हातचा. त्यात सॉफ्टवेअरनं बनवलेलं आणखी एक मशीन चालतं, व्हर्च्युअल, आणि फाइली सांभाळायचं काम त्या आतल्या मशीनकडे. डिस्क त्यालाच दिलेल्या. ते बोललं नाही तर बाहेरच्या मशीनला फाइलींचा काही पत्ता नाही.

आणि ते बोलत नव्हतं.

लॅपटॉपवरून बाहेरचं मशीन झटक्यात उघडलं. आतलं मशीनही तिथे चालू दिसत होतं, हिरवंगार, मजेत. पण पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारली, की उत्तर नाही. "मेल्या, जागा आहेस ना? मग ओ दे की!" मी त्याला बंद करून चालू केलं. राउटर बंद करून चालू केला. आयपी पाहिला, फायरवॉल पाहिली, शिव्या दिल्या. ढिम्म. एकदा तर वाटलं, सगळं पुसून नव्यानं मांडावं. बरं झालं, हात आवरला.

तेवढ्यात बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं आणि हातानं सांगितलं, राहू दे. मग चुलतभावाच्या घराकडे बोट दाखवून खूण केली की त्याला कळव, आज येऊ नको.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर आला. "काहून राहू दे, बाबा? मी काय मेली का?" असं म्हणून मी परत लॅपटॉपवर वाकले.

आता मी आतल्या मशीनची जोडणी मुळापासून बघायला घेतली. डब्याच्या मागे दोन तारा आहेत, एक बाहेरच्या मशीनची, दुसरी खास आतल्याची. त्या दुसऱ्या तारेच्या पोर्टपुढे स्क्रीनवर दिसलं की लिंकच नाही. म्हणजे आतलं मशीन बिचारं बोलत होतं, त्याची तारच मुकी होती! मी उठून डबा वळवला. वर झेंडूचा हार, हळदीची बोटं, कुंकू. एका पोर्टचा दिवा लुकलुकत होता, दुसऱ्याचा बंद.

"वहिनी!"

वहिनी पिठाच्या हातानं धावत आली. "काय झालं बाई?"

"ह्या तारा कोणं काढल्या?"

"मीनंच काढल्या. काल ट्रॅक्टर पुजला, विळे पुजले, मंग याले काहून सोडाचं? आमचं पोट ट्रॅक्टरवर चालते, तुमचं या डब्यावर. पुसला, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, अन् तारा परत लावून देल्या. एक नीट जात नोहती, त म्या जोर लावला."

तिच्या म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून मला आणखीच राग आला. "अक्षता देवाच्या डोक्यावर टाका ना वहिनी, भोकात कायले टाकता?"

डबा बंद केला, तार काढली, मोबाईलच्या उजेडात आत पाहिलं. कोपऱ्यात तांदळाचा एक दाणा, कुंकवानं लाल झालेला, आरामात बसलेला. उदबत्तीच्या काडीनं हळूहळू ओढून बाहेर काढला. तार लावली. टक् असा आवाज आला. डबा चालू केला, दिवा लागला, पिंगला उत्तर आलं आणि मी अशी ओरडले की गोठ्यातली म्हैस उभी राहिली. वहिनीला धरून दोन गिरक्या घेतल्या. तिच्या हाताचं पीठ माझ्या पाठीवर, पण शुद्ध कोणाला होती!

संध्याकाळी सगळी मंडळी जमली. स्पीकर अंगणात आणला आणि लावलं. बाबांचा आवाज, तो जुना, मोकळा, पोटातून येणारा. ढोलकीवाल्याचे हात थांबले. चुलतभाऊ गमछ्यानं डोळे पुसत होता. मीही रडले, सरळ सांगते.

बाबांनी हात वर केला. थांबवा.

मी घाबरून बंद केलं. वाटलं, त्यांना सोसलं नाही. बाबांनी स्पीकरकडे बोट दाखवलं, नापसंतीनं मान हलवली आणि मांडीवर ठेका धरला, रेकॉर्डिंगपेक्षा जलद.

चुलतभाऊ बघतच राहिला. "काकाजी, तुमी सोताचंच चुकलं म्हनता?"

बाबांनी जोरात मान डोलावली. त्याला समोर बोलावलं, आधी स्पीकरकडे आणि मग स्वतःच्या मांडीकडे बोट दाखवलं: चाल तिथली घे, ताल इथला. मग ठेका पुन्हा धरला आणि मला खूण केली, पहिल्यापासून लाव.