पणजीनं लुटलेली घरं

आमची पणजी दरोडेखोर होती. निजामाच्या राज्यात ती घोडीवर बसून घरं लुटायची, असं बेंबळीपासून कळंबपर्यंत सगळे सांगतात. कुणाचं घराणं मोठं, हे ठरवायची आमच्या भागातली रीत सोपी आहे. तिनं लुटलं ते मोठं, आणि जिकडं ती फिरकलीच नाही ते भुक्कड. त्यामुळं जो तो आपलं घर लुटल्याचं छाती फुगवून सांगतो. एवढी घरं खरंच लुटली असती, तर बाईला जेवायलाही सवड मिळाली नसती.

माझ्या वडिलांना मात्र तिची लाज वाटायची. मला बघायला कळंबचे पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांनी घरात ताकीद दिली, पणजीचा विषय काढायचा नाही. स्थळ मध्यस्थानं आणलंय, असं त्यांना वाटत होतं. आणलं होतं मीच. मुलगा माझ्याबरोबर धाराशिवच्या कॉलेजात होता, आणि लग्न करीन तर याच्याशीच, असं मी ठरवून बसले होते.

मुलगा आणि त्याचे आई-वडील आले, चुरमुऱ्यांचा सुसला खाल्ला. मुलाच्या वडिलांचं कळंबला अडतीचं दुकान. चहाचा कप हातात घेत ते अभिमानानं म्हणाले, "तुमच्या आजीनं आमच्या आजोबाचं घर लुटलंय बरं का. लई जुना संबंध हाय आपला."

वडिलांना वाटलं, पाहुणा जुनं उकरून काढतोय. "न्हाय हो," ते घाईघाईनं म्हणाले, "तुमच्या घराला तिनं हात बी लावला न्हाय. शपथ घेऊन सांगतो."

पाहुण्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे आमच्यात लुटण्यासारखं काय नव्हतं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

त्यांनी कप तसाच खाली ठेवला. सोयरिकीच्या बैठकीत भरला कप खाली आला, की पुढं माणूस चपलाच शोधतो. मुलगा बशीतले उरलेले चुरमुरे वेचत बसला. एरवी कॉलेजात भाषणं ठोकणारा, पण इथं मान वर करीना. मला त्याचा भयंकर राग आला, आणि वडिलांचा त्याहून जास्त.

बघायला आलेल्यांसमोर मुलीनं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. मी बोलले.

"बाबांना ठाऊक न्हाय. कळंबच्या त्या घरातलं सोनं न्यायला पणजीला दुसरी घोडी लागली म्हणं."

पाहुण्यांनी कप उचलला. निवलेला चहा मिटक्या मारत प्याले आणि वर म्हणाले, "दुसरी नव्हं, तिसरी बी लागली."

मी कपबशा घेऊन आत गेले, तर मुलाची आई मागोमाग आली. दार लोटून तिनं हळूच विचारलं, "पोरी, ह्यांचे आजोबा सालगडी व्हते. घरात गाडगी-मडकी सोडून काय नव्हतं. मग तुझ्या पणजीनं लुटलं तरी काय? खरं सांग."

लग्न मोडलंच, असं वाटलं. पण तिच्यासमोर आणखी खोटं रेटायची हिंमत होईना, म्हणून आमच्या घरात जेवढं माहीत होतं तेवढं सांगून टाकलं. पणजीनं जन्मात एकच घर लुटलं, तिच्या सासरचं, म्हणजे आमचंच. तिचेच दागिने सासूनं कुलपात घातले होते, ते तिनं कुलूप फोडून काढून घेतले आणि घोडीवर बसून माहेरी गेली. पुढं घरच्यांनी हातापाया पडून परत आणली.

ती पदर तोंडाला लावून हसू दाबत म्हणाली, "मग आमच्यात आल्यावर कपाटाच्या किल्ल्या तूच ठिव. उगं कुलूप फोडायला नगो."